वीस टक्के म्हणजे नक्की किती?

एक्झिट पोल आला की आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘किती लोकांना विचारलंत?’ शंभर जणांना विचारून कुणी अख्ख्या महाराष्ट्राचा निकाल सांगू लागला, तर ग्रुपवर त्याची पार खिल्ली उडते. ब्लड कॅन्सरच्या रिपोर्टला मात्र हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

बोन मॅरो टेस्ट म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा ओढायची, काचेवर पसरायची आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या. त्यात ब्लास्ट, म्हणजे पुरती वाढ न झालेल्या पेशी, २० टक्के किंवा जास्त भरल्या की बहुतेक वेळा निदान होतं अक्यूट ल्युकेमियाचं. १७ असतील तर आजाराचं नाव बदलतं, उपचारही बदलू शकतात. (ही रेषासुद्धा माणसांनीच आखलेली. १९७६च्या ‘फॅब’ वर्गीकरणात ती ३० वर होती, जागतिक आरोग्य संघटनेने २००१मध्ये ती २० वर आणली.)

आता बघा हं. शंभर पेशी मोजल्या आणि २० ब्लास्ट सापडल्या, तर खरा आकडा साधारण १२ ते २८ यांमध्ये कुठेही असू शकतो. पाचशे मोजल्या तर साडेसोळा ते साडेतेवीस. सेमिस्टरला घोकलेला स्टॅटिस्टिक्सचा फॉर्म्युला असा कुणाच्या तरी केमोपर्यंत पोचतो.

म्हणूनच ‘इंटरनॅशनल कौन्सिल फॉर स्टँडर्डायझेशन इन हिमॅटोलॉजी’ने २००८मध्ये बोन मॅरो रिपोर्टचा साचा सुचवला. अचूक टक्केवारी हवी असेल तिथे किमान ५०० पेशी मोजा. किती मोजल्या ते लिहा. नमुना कसा आला होता तेही लिहा. सुईतून येणारे पहिले थेंबच स्लाइडसाठी वापरायचे, कारण नंतरच्या मज्जेत रक्त मिसळत जातं आणि ब्लास्टचा आकडा उगाच खाली दिसतो.

समजा, लातूरहून एखादा पेशंट मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये आला. गावाकडचा रिपोर्ट २२ टक्के, केमोनंतरचा ४. औषध लागू पडलं, की नमुनाच पातळ होता? दोन लॅबचे दोन ढंग असतील तर कागदावरून कळणार कसं? मग जुन्या स्लाइड मागवा, पुन्हा वाचा. त्यात दिवस जातात.

साचा आला म्हणून गोंधळ संपला असंही नाही. २०२२मध्ये ब्लड कॅन्सरची एक सोडून दोन वर्गीकरणं आली. मज्जेत १५ टक्के ब्लास्ट असलेल्या एकाच पेशंटच्या आजाराला त्यांत दोन वेगळी नावं मिळू शकतात. त्यामुळे नाव कुठल्या पुस्तकातलं, हेही आता रिपोर्टवर लिहावं लागतं.