फेस गेला, पण साबण गेला का?

माउलींची पालखी पुढे निघाली की नातेपुत्यात घरोघरी चादरी-टॉवेलांचा ढीग पडतो. ते फेसाळ पाणी मोरीतून ओढ्याकडे जातं. पुढे काय?

ते ठरवायची परीक्षा सोपी आहे, मैत्रिणींनो. बाटलीभर पाण्यात सांडपाण्यातले थोडे जंतू सोडायचे, खायला फक्त ते रसायन. पूर्ण कुजायला लागणाऱ्या प्राणवायूपैकी ६० टक्के २८ दिवसांत खर्च झाला, तोही १० टक्के ओलांडल्यावर १० दिवसांच्या आत, तर रसायन सहज कुजणारं!

जुन्या पावडरींतली फांद्या फुटलेली रसायनं जंतूंना पचेनात. परदेशी नद्यांवर फेसाचे ढीग तरंगले. म्हणून १९६५ मध्ये अमेरिकन कारखान्यांनी सरळ साखळीचं रसायन घेतलं. ते पचतं, पण हवा खेळत्या पाण्यात. तुंबलेल्या गटारात प्राणवायूच नसतो. तिथे ते जवळजवळ तसंच पडून राहतं.