मोबाइलच्या डोळ्यातून आपल्या घरची गोष्ट

आपल्या वस्तीतील बहुतेक घरांत आता कॅमेऱ्याचा मोबाइल आलेला आहे. त्यात लग्नाचे, वाढदिवसाचे, सहलीचे शेकडो फोटो सापडतात. परंतु पहाटे चारला उठून, भाकरी बांधून कामावर जाणाऱ्या आईचा कामावरचा एक तरी फोटो त्यात आहे काय? वडिलांनी उभा जन्म ज्या हातांनी वेल्डिंग केले, त्या हातांचा आहे काय? आणि आपल्या वस्तीचे फोटो बाहेरचे लोक काढतात ते केव्हा? आग लागली, पाणी भरले, दगडफेक झाली म्हणजे! एरवी आपण जणू जगतच नाही.

हा अनुभव एकट्या आपलाच नव्हे. आफ्रिका म्हटले की दुष्काळ, युद्ध आणि उपाशी मूल, एवढेच चित्र जगापुढे येत राहिले. २०१२ साली पीटर डिकॅम्पो हे अमेरिकन छायाचित्रकार आणि ऑस्टिन मेरिल हे लेखक पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात गेले. तेथे २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर रक्तपात झाला होता. त्याच्या परिणामांविषयी वृत्तांत लिहिण्याचे त्यांचे काम होते. दोघेही पूर्वी स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत राहिलेले होते. आपण नुसते दुःखच टिपत आहोत, लोकांचे रोजचे जगणे मात्र सुटते आहे, हे त्यांना खटकले. तेव्हा त्यांनी खिशातला मोबाइल काढला आणि साध्यासुध्या दिवसाचे फोटो टिपायला सुरुवात केली. 'एव्हरीडे आफ्रिका', म्हणजे 'रोजची आफ्रिका', या नावाने ते इन्स्टाग्रामवर येऊ लागले.

पण हे दोघेही शेवटी बाहेरचेच. आमच्या मते खरे महत्त्व आहे ते पुढच्या गोष्टीला. घानाचे नाना कोफी अक्वा, नायजेरियाचे अँड्र्यू एसिएबो असे तेथलेच छायाचित्रकार त्यात सामील झाले आणि आपल्या शहरांची गोष्ट स्वतः सांगू लागले. २०१७ साली ३० छायाचित्रकारांच्या फोटोंचे पुस्तक निघाले. याच धर्तीवर इराण, न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स आणि आपली मुंबई यांचीही खाती निघाली.

मग आपल्या घरची मुले हे का करू शकणार नाहीत? मोठा कॅमेरा रोखला की माणूस सावध होतो, पदर सारखा करतो. मोबाइलचे तसे फारसे होत नाही. मात्र एका फोटोने गोष्ट होत नाही. समजा, आईचा दिवस सांगायचा आहे. एक फोटो लांबून घ्यावा, ज्यात अंधारलेली गल्ली आणि निघालेली आई दिसेल. एक जवळून, ती कामात गढलेली असताना. एक अगदी जवळून, नुसत्या हातांचा किंवा उंबऱ्यावरच्या झिजलेल्या चपलांचा. "आई, इकडे बघ, हस" असे म्हणू नये. पन्नास काढून सहा-सात ठेवावेत आणि कोणता आधी, कोणता नंतर, हे घरच्यांनी मिळून ठरवावे. या ठरवण्यातच अर्धी गोष्ट तयार होते.

भिंग आधी पुसून घ्या. कामाच्या हातांनी त्यावर तेलकट डाग बसतो. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जा, फोटो स्वच्छ येतो. आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो पुढे पाठवू नका, मग ती आपली आजी का असेना! फाटक्या लुगड्यातला आपला फोटो साऱ्या नातेवाइकांत फिरावा की नाही, हे तिने ठरवायचे आहे. या बाबतीत आपली तरुण मंडळी फार बेफिकीर असतात, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे.

व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जाऊन त्याची प्रत उतरते. छापायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. निवडलेले सहा-सात फोटो कागदावर छापून घ्यावेत, कारण मोबाइल बिघडला की सारेच जाते. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि चाललेले काम लिहावे. पेटीतल्या जुन्या फोटोंचेही मोबाइलवर फोटो घ्यावेत, आणि कडेला उभी असलेली बाई कोण, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून लिहून ठेवावे.