परतलेल्या राखीव शिपायाचा सन्मान

कायम फौजेतला शिपाई लढाईवरून परततो, तो छावणीत. त्याच्या शेजारच्या खाटेवर बहुधा त्याच्याबरोबर मोहिमेवर असलेलाच माणूस असतो. राखीव दलातल्या शिपायाची गोष्ट निराळी. तो परततो आपल्या दुकानात, शाळेत, गोठ्यात, कचेरीतल्या मेजापाशी; आणि शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थाने बंदूक कधी हातातही धरलेली नसते. अशा माणसाचा गौरव करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते उद्घाटन झालेली प्रादेशिक सेना याच जातीची. एरवी आपापला नोकरीधंदा करणारे नागरिक ठरावीक दिवस लष्करी शिक्षण घेतात आणि बोलावणे आले की गणवेश चढवतात. श्रीलंकेतील १९८७ ते १९९० च्या मोहिमेतही या सेनेचे लोक होते. परंतु राखीव शिपायांना हजारोंनी आणि वर्षानुवर्षे समुद्रापार धाडण्याचा प्रसंग अलीकडे अमेरिकेवर आला. म्हणून उदाहरण तिकडचे घेतो, आणि तेही एकाच राज्याचे.

मिनेसोटा हे उत्तरेकडचे, कॅनडाला लागून असलेले, शेतीचे व सरोवरांचे राज्य. तेथील नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव दल. त्याच्या ३४ व्या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड २००५ साली सेवेवर बोलावली गेली. तीत मिनेसोटाचे सुमारे २,६०० लोक होते. ते परतण्याच्या बेतात असतानाच जानेवारी २००७ मध्ये हुकूम सुटला, की इराकमधला मुक्काम आणखी १२५ दिवस. बायकामुलांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर केलेल्या खुणा खोडून पुन्हा करावयाच्या! अखेर २००७ च्या उन्हाळ्यात ब्रिगेड परतली तेव्हा इराकमध्ये १६ आणि एकूण सेवेत २२ महिने झाले होते. तोवर इराकमध्ये इतका सलग काळ दुसरी कोणतीही अमेरिकन तुकडी राहिली नव्हती.

दूर गेलेल्या माणसाची वाट पाहत आहोत हे दाखवण्यासाठी अमेरिकेत झाडाला पिवळी फीत बांधतात. तेहरानमधल्या ओलिसांच्या वेळी, १९७९ ते १९८१ या काळात, ही चाल देशभर पसरली. मिनेसोटातल्या अधिकाऱ्यांनी व लष्करी धर्मोपदेशकांनी आपल्या उपक्रमाला नाव दिले ‘पिवळ्या फितीच्या पलीकडे’. नावातच सारे आले. फीत, वाजंत्री, भाषण हे एका दुपारचे काम. त्यात वाईट काही नाही, मलाही ते आवडते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय?

पूर्वीचा शिरस्ता असा, की परतलेल्या राखीव शिपायांना पहिले साठ दिवस कवायतीला बोलावयाचे नाही. हेतू दयेचा. परिणाम मात्र उलटा होई. ज्या काळात झोप उडते, लहानसहान कारणावरून राग भडकतो, घरातले मूल ओळख देत नाही, नेमक्या त्याच काळात ज्यांना न सांगता सारे कळते ते सोबती दूर, आपापल्या गावी. मिनेसोटाने हे उलटे केले. तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी सर्वांना एकत्र आणावयाचे. पहिल्यांदा कुटुंबासह, पुढे राग, दारू, प्रकृती यांविषयी मोकळेपणी बोलण्यासाठी. २००८ सालच्या संरक्षण खर्चाच्या कायद्याने याच धर्तीवर देशभर योजना झाली.

दुसरी बाजू मालकाची. १९९४ च्या कायद्यानुसार परतलेल्याला जुनीच खुर्ची देऊन भागत नाही. तो गेला नसता तर ज्या जागी व ज्या ज्येष्ठतेवर पोचला असता, ती जागा द्यावी लागते. आणि एक गंमत पाहा: शिपायाने आपल्या वरिष्ठाचे नाव सुचवावयाचे आणि त्या वरिष्ठाला ‘पॅट्रिअट’ प्रशस्तिपत्र मिळावयाचे, अशीही प्रथा आहे. हे काम पाहणारी संस्था १९७२ पासूनची. घरी राहून ज्याने दुसऱ्याचे काम ओढले त्याचा मान शिपायाच्याच हातून, हे मला हारतुऱ्यांपेक्षा शहाणपणाचे वाटते.

पण याच ब्रिगेडच्या बाबतीत एक गोष्ट घडली ती सांगितलीच पाहिजे. शिक्षणासाठीचे मोठे साहाय्य मिळण्यास ७३० दिवसांची सेवा लागे. घरी आल्यावर कागद पाहतात तो, १,१६२ जणांच्या हुकुमावर सेवेचे दिवस लिहिलेले ७२९. इतरांचे मात्र ७३० वा अधिक. एकाच तळावर राहिलेले, एकाच विमानातून उतरलेले दोघे; एकाला कॉलेजचा खर्च, दुसऱ्याला नाही. फीत झाडावर होती तशीच होती. वर्तमानपत्रांत ओरड झाली, लोकप्रतिनिधी उठले, आणि लष्कराला त्या नोंदी दुरुस्त करून देण्याची वाट काढावी लागली, एका दिवसासाठी.