गिऱ्हाईक हाच गुरू

परीक्षा जवळ आल्या की अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक वेगळीच धांदल उडते. काळ्या बांधणीची, वर सोनेरी अक्षरे ठसवलेली जाडजूड पुस्तके तेथे तयार होत असतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे हे प्रोजेक्ट! तोंडी परीक्षेत परीक्षक ती पुस्तके चाळतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि मग ती कपाटात जाऊन बसतात. त्यांतला प्रोग्राम पुन्हा कोणी चालवून पाहतोच असे नाही. काही मुले तर तो स्वतः लिहीतही नाहीत. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हे आता गुपित राहिलेले नाही.

मग या वर्षभराच्या खटाटोपातून मुलगा किंवा मुलगी शिकली काय, असा प्रश्न आईवडिलांना पडला तर नवल नाही.

या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे. मुलांना सोडवायला खरेखुरे काम द्यायचे आणि ते कंपनीकडून आणायचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९१६ मध्ये केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी ‘प्रॅक्टिस स्कूल’ काढले आणि वर्ग थेट कारखान्यात नेला. कॅलिफोर्नियातील हार्वे मड कॉलेजने १९६३ मध्ये ‘क्लिनिक’ सुरू केले. डॉक्टरकीचा विद्यार्थी जसा रोग्याच्या खाटेजवळ शिकतो, तसे इंजिनिअरने का शिकू नये, हा त्यामागचा विचार. कंपनी आपली अडचण घेऊन येते, कॉलेजला फी भरते. चार-पाच मुलांचा गट वर्षभर तिच्याशी झुंजतो. एक प्राध्यापक आणि कंपनीचा एक माणूस त्यांच्या पाठीशी असतो. आपल्याकडे पिलानीच्या ‘बिट्स’ने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ची वाट धरली. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत ‘स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट’ म्हणतात, तो याच कुळातला.

सॉफ्टवेअरच्या विद्यार्थ्याला तर याची गरज अधिकच. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश या गावी संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झाले ते तेव्हापासून. तक्रार अशी होती की, मोठे प्रोग्राम वेळेवर पुरे होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, आणि एवढे करून गिऱ्हाईकाला हवे ते मिळत नाही. आयबीएममध्ये अशा एका प्रचंड कामाची धुरा वाहिलेले फ्रेड ब्रूक्स पुढे प्राध्यापक झाले. १९८६ मधील आपल्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी म्हटले, की प्रोग्राम लिहिणे एवढे अवघड नाही. नेमके काय लिहायचे ते ठरवणे सर्वांत अवघड.

हे वर्गात शिकवता येत नाही. समजा, चौघांच्या एका गटाला एखाद्या कारखान्याने गोदामाच्या नोंदींचे काम दिले. मुलांनी पुस्तकात वाचल्याप्रमाणे सुबक प्रोग्राम केला. बिलाचा नंबर घातल्याशिवाय माल जमा होणार नाही, अशी चोख व्यवस्था केली. पहिल्याच दिवशी स्टोअरकीपर काका म्हणाले, “अरे बाळांनो, आमच्याकडे माल आधी येतो, बिल आठ दिवसांनी! तोवर ट्रक दारात उभा ठेवू?” झाले! महिन्याभराचे काम पुन्हा मांडायचे. पण त्या एका वाक्याने मुलांना जे शिकवले, ते दहा व्याख्यानांनी शिकवले नसते. प्रोग्राम यंत्रासाठी नसतो, माणसासाठी असतो. आणि माणसाचे काम समजून घ्यायला त्याच्याशेजारी जाऊन बसावे लागते.

कंपनीचाही यात फायदा असतोच. रोजच्या धबडग्यात हात न लागलेले काम मार्गी लागते आणि उद्याची होतकरू मुले आजच पारखता येतात. मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. काही ठिकाणी कंपनीचे नुसते नाव असते. शेवटी सहीशिक्क्याचे पत्र मिळते, मधल्या काळात मुलांकडे पाहायला कोणाला फुरसत नसते. काही ठिकाणी उलटे. शिकण्याच्या नावाखाली फुकट राबणारे हात मिळाले म्हणून नुसती पडेल ती कामे करून घेतली जातात. पैसा देणे सोपे असते. द्यायला जड जातो तो जाणत्या माणसाचा वेळ. आणि भागीदारी खरी की खोटी, ते तेथेच कळते.

म्हणून घरात शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असेल, तर ‘कोणती कंपनी मिळाली?’ एवढेच विचारून थांबू नये. तुमच्याशी दर आठवड्याला बोलणारे तेथे कोणी आहे का? तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रामवर हक्क कोणाचा राहणार, हे कागदावर आहे का? आणि मुख्य म्हणजे, तुमचा प्रोग्राम उद्या वापरणार कोण? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या जित्याजागत्या माणसाचे नाव आले, तर निश्चिंत असावे. कंपनी लहान असेल, अगदी एखाद्या गल्लीतली असेल, तरी हरकत नाही.

सोनेरी अक्षरांचे पुस्तक कपाटात जायचेच आहे. पण गोदामातले काका दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन, कोणालाही न विचारता, मुलांनी केलेला प्रोग्राम सुरू करतात, तेव्हा परीक्षा खरी पास झालेली असते.