कुंपणाची तार ताणण्याचा दांडा

खरिपाची ज्वारी पोटरीत आली, कपाशीला पाते लागले, की शिवारात एक तक्रार हटकून ऐकू येते : रात्री गुरे शिरली. कुंपण नव्हते असे नाही. खांब उभे होते, चार तारा होत्या. परंतु मधल्या दोन तारा इतक्या ढिल्या पडल्या होत्या की एका गाईने त्यांत मान घातली, खांदा रेटला आणि तिच्यामागून सारा कळप आत आला. सकाळी शेताचा धनी गुरे कोंडवाड्यात नेतो, गुरांचा धनी भांडावयास येतो आणि पिढ्यांचा शेजार एका रात्रीत तुटतो. यात तारेचा दोष क्वचितच असतो. ती नीट ताणली गेलेली नसते, अथवा ताणली तरी तो ताण टिकलेला नसतो.

पूर्वीच्या कुंपणांना ताण हा प्रकारच ठाऊक नव्हता. देशावर बोराटीच्या व बाभळीच्या काट्या, बांधावर निवडुंग किंवा घायपात, कोकणात वई नाहीतर दगडांचा गडगा, अशी ही कुंपणे आपल्या जाडीने व भाराने गुरांना अडवीत. काटेरी तारेची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डिकॅल्ब येथील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि त्यानंतर या तारेचा प्रसार झपाट्याने झाला. ही तार बोटाएवढीही जाड नसते. तिचे सारे सामर्थ्य ताणात असते. म्हणूनच तारेच्या पाठोपाठ ती ताणण्याची नाना तऱ्हेची हत्यारेही निघाली. आपल्याकडे तार गावोगाव पोचली. हत्यार मात्र तितकेसे पोचले नाही.

बहुतेक ठिकाणी तार ताणण्याचे काम पहारेने होते. तारेचा वेढा पहारेला द्यावयाचा, पहार खांबाला अडकवून मागे ओढावयाची आणि दुसऱ्याने घाईघाईने खिळा ठोकावयाचा, अशी ही रीत आहे. तरफेचे तत्त्व यातही आहेच. पण पहार गोल व गुळगुळीत असल्याने ती खांबावरून घसरते. तारेला जेथे पीळ पडतो तेथे तिच्यावरील जस्ताचा लेप तडकतो आणि पुढे गंज नेमका तेथूनच धरतो. ओढणाऱ्याचा हात किंचित ढिला पडला, की कमावलेला अर्धा ताण खिळा बसण्यापूर्वीच निघून जातो. चार माणसे दिवसभर राबतात आणि संध्याकाळी तार बोटाने हलविली तरी झोळीसारखी झुलते.

या कामासाठी जो दांडा वापरावयाचा त्याची रचना अगदी साधी आहे. सुमारे अडीच ते तीन फूट लांबीचा लाकडी अथवा लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला लोखंडी डोके, एवढेच त्याचे भाग. डोक्याला दोन अंगे असतात. एका अंगाला खांबात रुतणारा दात असतो, तर दुसऱ्या अंगाला तार पकडणारी खाच असते. दात व खाच यांत सुमारे तीन इंच अंतर ठेवतात. खाच इतपत रुंद असावी की दोन पदरी तार तीत सहज बसेल, पण काटा मात्र अडेल. अडीच मिलिमीटर जाडीच्या दोन पदरांची तार पिळून पाच मिलिमीटर होते, तेव्हा खाच सहा-सात मिलिमीटरची पुरे. ओढ लागली की काटा खाचेच्या कडेला अडून बसतो आणि तार निसटत नाही.

आता याचे बळ पहा. दातापासून खाच तीन इंचांवर आणि हाताची पकड तीस इंचांवर असेल, तर माणसाने लावलेला जोर तारेवर दसपट होतो. पंधरा किलोच्या सहज ओढीने दीडशे किलोचा ताण मिळू शकतो. घर्षणात थोडा जातो तो वेगळा. मात्र जोराची ही दसपट फुकट मिळत नाही. दांडा जितका फिरतो त्याच्या दहाव्या हिश्शानेच तार पुढे सरकते, म्हणजे एका ओढीत फार तर दोन-तीन इंच. यास्तव तारेची मोठी झोळ आधी हातानेच काढून घ्यावी लागते. दांड्याचे काम शेवटच्या चार-सहा इंचांचे आहे.

असा दांडा गावच्या लोहाराकडून करवून घेता येतो. डोक्यासाठी जाड लोखंडी पट्टी चालते. दात मात्र मालमोटारीच्या जुन्या कमानीच्या पात्यातून काढून त्याला बेताचे पाणी द्यावे. पाणी कमी झाले तर दात वाकतो, जास्त झाले तर तुटतो, आणि ताण असताना तुटलेला दात माणसाच्या अंगावर येतो. मूठ बाभळीची असावी. नांगर-वखराला जे लाकूड पुरते ते येथेही पुरते. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र दांडा बाळगावा अशी मुळीच गरज नाही. वर्षातून चार दिवस लागणारी ही वस्तू आहे. आठ-दहा शेजाऱ्यांत मिळून एक केला तरी भागते. ग्रामकार्यकर्त्यांनी एखाद्या शेतावर तो प्रत्यक्ष चालवून दाखविला, तर तासभराच्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

वापरण्याची रीत अशी. तारेचे एक टोक पहिल्या कोपऱ्याच्या खांबाला पक्के बांधून घ्यावे आणि तार मधल्या खांबांवरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आणावी. मधल्या खांबांवर घोड्याच्या नालेच्या आकाराचे दुपायी खिळे ठोकावेत, पण ते पुरते बसवू नयेत; तार त्यांतून मागेपुढे सरकली पाहिजे. खिळ्याचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत आले तर खांब उभा चिरतो, म्हणून खिळा किंचित तिरपा धरावा. शेवटच्या खांबाशी तार डावीकडून येऊन, खांबाला चाटून उजवीकडे गेली आहे असे समजा. दांड्याचा दात खांबाच्या उजव्या अंगाला टेकवावा, खाचेत तार घ्यावी आणि दांड्याचे मोकळे टोक खांबापासून दूर, उजवीकडे ओढावे. दात खांबात रुततो, खाच तारेला घेऊन पुढे जाते, तार ताठ होते. तेवढ्यात जोडीदाराने खांबावर खिळा पक्का बसवावा. पहिल्या ओढीने पुरेसा ताण आला नाही तर तात्पुरत्या खिळ्यावर तार धरून दांड्याने नवी पकड घ्यावी. अनुभवी माणूस दांडा मांडीने रेटून हे काम एकटाही करतो. पण घाई नसेल तर दोघांनी करणेच बरे.

कुंपणे बिघडतात ती बहुतेक करून पुढच्या गोष्टीत. दांडा ताण निर्माण करतो. तो धरून ठेवावयाचा असतो कोपऱ्याच्या खांबाने. चार तारांना प्रत्येकी सत्तर किलो ताण दिला तर कोपऱ्याच्या खांबावर रात्रंदिवस पावणेतीन क्विंटलांहून अधिक ओढ राहते. दीड फूट पुरलेला खांब ही ओढ कशी सोसणार? तो हळूहळू आत झुकतो आणि एक इंच झुकला तरी सर्व तारा ढिल्या पडतात. मग तारा पुन्हा ताणतात, खांब आणखी झुकतो. हा खेळ दोन-तीन वर्षे चालून शेवटी खांबच उपटून येतो आणि दोष मात्र तारेला मिळतो.

कोपऱ्याचा खांब इतरांपेक्षा जाड असावा व निदान अडीच फूट खोल जावा. त्याला टेकू दिलाच पाहिजे, आणि तो कोणत्या बाजूने द्यावयाचा हे नीट पाहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी टेकू कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे तार ज्या दिशेला ओढते त्याच्या उलट अंगाला दिलेला आढळतो. असा टेकू खांबाला काहीच आधार देत नाही, उलट खांब झुकला की स्वतःच सुटतो. टेकू तारांच्या ओळीतच, तारा जिकडे ओढतात त्या बाजूने तिरपा लावावा. कोपऱ्याच्या खांबावर दोन दिशांनी ओढ असते म्हणून तेथे दोन टेकू लागतात. टेकूचे वरचे टोक जमिनीवरील उंचीच्या सुमारे दोन तृतीयांशावर बसावे आणि पायाशी चपटा दगड पुरावा, नाहीतर पावसाळ्यात पाय मऊ मातीत खचतो. लांब रांगेत दर पंधराव्या खांबाला दोन्ही अंगांनी टेकू देण्याचा सरकारी बांधकामातील रिवाज शेतातही पाळण्यासारखा आहे.

काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेग नेमकी खांबाच्या भोवतीच पडते आणि खांब खुंटीसारखा हलू लागतो. अशा जमिनीत खड्डा त्याच मातीने न भरता दगड व मुरूम घालून थराथराने धुमसून घ्यावा.

ताण किती द्यावा, याचे उत्तर तराजूच्या मापाने मिळते. खांबांत नऊ फुटांचे अंतर असेल तर मधोमध तारेला पाच किलोचे माप टांगावे. तार सुमारे दोन इंच खाली आली म्हणजे तिच्यात पासष्ट-सत्तर किलोचा ताण आहे असे धरावे. गुरांच्या कुंपणाला तेवढा पुरतो. चार इंच खाली आली तर ताण निम्मा आहे. एकच इंच आली तर ताण दुप्पट झाला आणि लाकडी खांबाला तो सोसण्याची शक्यता कमी. चारही तारा ताणून झाल्यावर पहिल्या तारेला माप पुन्हा टांगून पाहावे. ती ढिली झाली असल्यास खांब हलला असे निश्चित समजावे, आणि मग दांडा खाली ठेवून टेकू तपासावा.

हवेचा परिणामही लहान नाही. विदर्भात थंडीच्या पहाटेत आणि वैशाखाच्या दुपारीत पस्तीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने तीनशे फूट तार सुमारे दीड इंच लांबते वा आखडते. उन्हाळ्यात कमाल ताणलेली तार पौषात आखडून खांबाला ओढते. थंडीत जेमतेम ताणलेली तार चैत्रात लोंबते. म्हणून उन्हाळ्यात हात राखून ताणावी आणि थंडीत थोडी अधिक. पहिला पावसाळा संपला की एकदा सर्व कुंपणाची फेरी करून ताण तपासावा, कारण नव्या खांबांची माती तोवर बसलेली असते.

ताणलेली तार सुतासारखी सरळ जाते, जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकत नाही. ओघळावर किंवा खोलगटात खालची तार अधांतरी राहते आणि वासरे, शेळ्या व रानडुकरे तेथूनच आत येतात. तेथे खालच्या तारेला जड दगड टांगावा अथवा खुंटी ठोकून ती खाली बांधावी. रानडुकरांपुढे साधे तारेचे कुंपण फारसे टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यावर उपाय म्हणून तारेत घरची वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मेली आहेत, बहुधा घरचीच. सौर झटका यंत्र ही वेगळी वस्तू असून तिला साधी तार लागते. काटेरी तारेत तोही प्रवाह सोडू नये, कारण काट्यात अडकलेले जनावर किंवा मूल सुटू शकत नाही.

सिमेंटच्या खांबावर दांड्याचा दात रुतत नाही आणि जोर केला तर कपचा उडतो. तेथे मध्ये लाकडी फळीचा तुकडा धरावा. लोखंडी अँगलसाठी दाताऐवजी अँगलच्या कडेवर बसणारे दुबेळके तोंड करून घ्यावे. ताण आल्यावर तार खिळ्याऐवजी बांधणीच्या तारेने आवळावी लागते, एवढाच फरक.

अलीकडे काही ठिकाणी तार ट्रॅक्टरला बांधून ओढतात. वेळ वाचतो हे खरे. पण ट्रॅक्टरला तारेचा ताण कळत नाही. हाताला तो कळतो, आणि दांड्याचा मोठा गुण हाच आहे. तुटलेली तार चाबकासारखी मागे येते आणि पहिला घाव डोळ्यावर बसतो. ताणताना डोळ्यांवर चष्मा व हातांत चामडी मोजे असावेत, मोजे नसतील तर गोणपाट तरी गुंडाळावे. तार हाताला कधीही वेढू नये. ज्याला दांडा धरावयाचा नाही त्याने तारेच्या ओळीत उभे राहू नये आणि मुलांना तर तेथे फिरकूच देऊ नये. काटा लागून जखम झाल्यास ती धुऊन धनुर्वाताच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

काम आटोपल्यावर खांबांच्या बुडाशी तारेचे तुकडे व वाकडे खिळे पडलेले असतात. ते गवतात तसेच राहिले तर वैरणीबरोबर गुरांच्या पोटात जातात. गाय-म्हैस चारा फारसा न चावता गिळते, त्यामुळे तुकडा तिच्या जिभेला कळत नाही. तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो आणि तेथून पुढे सरकत हृदयाला भिडू शकतो. जनावर खाणे सोडते, पाठ काढून उभे राहते, उतारावर चालण्यास कचरते, आणि कारण उमगेपर्यंत बहुधा वेळ गेलेली असते. संध्याकाळी घमेले घेऊन प्रत्येक खांबाच्या बुडाशी जावे, तुकडे वेचावेत, आणि उरलेल्या भेंडोळ्यासह गोठ्यापासून दूर ठेवावेत.