विहिरीवरील पंपासाठी सिमकार्डाची पारख

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस उभा राहिला. आज अनेक शेतकरी उसाला पाणी देणारा पंप घरूनच मोबाइल स्टार्टरने सुरू करतात. परंतु विहिरीपाशी रेंज नसेल, तर रात्री वीज येऊनही पंप बंद राहतो आणि अंधारात बांध तुडवीत जावे लागते. म्हणून सिमकार्ड घेण्यापूर्वी त्याची पारख करणे इष्ट होय.

यास फारसा खर्च नाही. निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेले शेजाऱ्यांचे मोबाइल घेऊन थेट स्टार्टरच्या पेटीपाशी जावे. घराच्या ओट्यावरील रेंज येथे कामाची नाही. पहाटे, दुपारी व रात्री प्रत्येकावरून दहा वेळा फोन लावावा आणि किती लागले ते वहीत टिपावे. ऊस उंच वाढल्यावर पुन्हा पाहावे. पिकाची छायाचित्रे पाठवावयाची असल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ‘मायस्पीड’ अ‍ॅपवर वेगही मोजावा.

एक दक्षता घ्यावी. केवळ टू-जीवर चालणाऱ्या जुन्या स्टार्टरमध्ये जिओचे सिमकार्ड चालत नाही. कारण त्या कंपनीचे टू-जी जाळेच नाही.

कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येतो. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. मात्र त्यापूर्वी चालू कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा नोंदी वस्तीवार एकत्र करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. एकाची पारख दहांच्या उपयोगी पडेल.