इंग्रजी वाक्य आणि जपानी विद्यार्थी

इ. स. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापारास खुले झाले, तेव्हा ते पाहण्यासाठी फुकुझावा युकिची नावाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण एडोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, पायी निघाला. चार-पाच वर्षे खपून त्याने डच भाषा आत्मसात केली होती. दोनशेहून अधिक वर्षे जपानचा युरोपशी व्यापार नागासाकीच्या डच वखारीपुरताच मर्यादित राहिल्याने, पाश्चात्त्य विद्येची किल्ली म्हणजे डच भाषा, अशीच तेथील अभ्यासकांची समजूत होती. योकोहामात मात्र त्याला दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याही कळेनात. तेथे चाललेली भाषा इंग्रजी असावी हे ध्यानी येताच तो खिन्न होऊन परतला आणि दुसऱ्याच दिवसापासून इंग्रजी शिकविणाऱ्याच्या शोधास लागला.

मोरियामा नावाचे एक सरकारी दुभाषे तेव्हा इंग्रजी जाणत. रॅनाल्ड मॅकडोनाल्ड या उत्तर अमेरिकेतून आलेल्या खलाशाने १८४८-४९ मध्ये नागासाकीच्या बंदिवासात ज्या चौदा दुभाष्यांना इंग्रजीचे धडे दिले, त्यांपैकीच ते एक होत. फुकुझावा त्यांच्याकडे बरेच अंतर चालून जाई. परंतु परराष्ट्रांशी चाललेल्या वाटाघाटींमुळे मोरियामांना सवड मिळत नसे. शेवटी एक इंग्रजी-डच शब्दकोश मिळवून त्याने स्वतःच अभ्यास आरंभिला. वादळात भरकटून परदेशात राहिलेले आणि पुढे मायदेशी परतलेले खलाशी हुडकून काढून तो त्यांना शब्दांचे उच्चार विचारी. केइओ विद्यापीठाचे संस्थापक म्हणून पुढे ख्यातनाम झालेल्या या गृहस्थांचे चित्र १९८४ पासून २०२४ पर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर छापले जात होते.

इंग्रजीतील अडलेले वाक्य घेऊन जाणकाराचे दार ठोठावणारा विद्यार्थी जपानात आजही दिसतो. फरक इतकाच, की आता तो एकटा नाही. परकी भाषा हा विषय तेथील माध्यमिक शाळांत २००२ पासून अधिकृतपणे सक्तीचा झाला. व्यवहारात तो त्यापूर्वीही जवळजवळ सर्वच मुले घेत होती. २०११ मध्ये प्राथमिक शाळेच्या पाचव्या व सहाव्या इयत्तांत परकी भाषेचे उपक्रम सुरू झाले आणि २०२० मध्ये त्याच इयत्तांत इंग्रजीला रीतसर विषयाचे स्थान मिळाले. म्हणजे अडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. ही मुले आळशी नाहीत, अभ्यासू आहेत. तरीही वर्षानुवर्षे शिकून साधा उतारा वाचताना ती का अडखळतात, हा प्रश्न तेथील शिक्षणतज्ज्ञांना शंभर वर्षांपासून पडलेला आहे.

त्याचे पहिले उत्तर भाषेच्या घडणीतच आहे, आणि ते मराठी वाचकास सहज कळण्यासारखे आहे. ‘वाताशि वा होन ओ योमु’ या जपानी वाक्यात ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘होन’ म्हणजे पुस्तक आणि ‘योमु’ म्हणजे वाचतो. क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते. ‘वा’ आणि ‘ओ’ हे शब्दांच्या मागे लागून आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे काम करतात. ‘किनो किता हितो’ म्हणजे ‘काल आलेला माणूस’. दोन्हींत शब्दांचा क्रम एकच आहे. इंग्रजीत मात्र माणूस आधी येतो आणि तो काल आला होता ही हकीकत त्याच्या मागून येते. वाक्य जितके लांब, तितकी ही उलटापालट वाढत जाते. नकारात्मक प्रश्नाचेही तसेच. ‘तू गेला नाहीस का?’ या प्रश्नास जपानी मुलगा ‘होय’ म्हणतो, कारण न जाणे खरे आहे. आपल्याकडचा मुलगाही ‘हो, नाही गेलो’ असेच म्हणतो. इंग्रजीत तेथे ‘नो’ म्हणावे लागते.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचे दुखणे याहून चिवट आहे. जपानीत ती नाहीत. शिवाय ‘होन’ म्हणजे एक पुस्तकही आणि अनेक पुस्तकेही. नामाचे वचन दर वेळी सांगण्याची गरजच तेथे पडत नाही. अशा भाषेत वाढलेल्या मुलास ‘येथे द का आणि तेथे अ का’ असे विचारावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. नियम सांगून त्याचे समाधान होते. लिहिताना मात्र तो पुन्हा चुकतो. कारण ऐकणाऱ्यास वस्तू आधीच ठाऊक आहे की नाही, हे नामागणिक ठरविण्याची सवय त्याच्या भाषेने त्याला लावलेलीच नसते.

दुसरे कारण अध्यापनाच्या रीतीत आहे आणि ते इंग्रजीहूनही जुने आहे. जपानी पंडित शतकानुशतके अभिजात चिनी ग्रंथ वाचीत, पण चिनी म्हणून नव्हे. चिनी वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. म्हणून ओळीच्या कडेला बारीक खुणा आणि आकडे घालून, डोळा मागेपुढे फिरवीत, तेच वाक्य ते जपानी क्रमाने वाचून काढीत. या पद्धतीस ‘कांबुन कुंदोकु’ म्हणतात. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, इंग्रजी पुस्तके आली तेव्हा हीच युक्ती त्यांना लावण्यात आली. स्वयंअध्ययनासाठी निघालेल्या मार्गदर्शिकांत इंग्रजी शब्दासोबत जपानी लिपीत त्याचा उच्चार, अर्थ आणि तो शब्द कितव्या क्रमाने घ्यावा याचा आकडा छापलेला असे. या भाषांतर-वाचनास ‘याकुदोकु’ हे नाव पडले. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना हा मार्ग अगदीच परका वाटणार नाही.

या रीतीला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. बोलायला परदेशी माणूस भेटणे दुर्मीळ होते अशा काळात पाश्चात्त्य विज्ञान, कायदा आणि वैद्यक जपानीत आले ते याच वाटेने. तिने विश्लेषणाची शिस्तही लावली. होसोए इत्सुकी यांच्या १९१७ सालच्या व्याकरणग्रंथामुळे रूढ झालेले इंग्रजी वाक्याचे पाच साचे आजही जपानी मुले पाढ्यांसारखे पाठ करतात. ‘अ व्हेल इज नो मोअर अ फिश दॅन अ हॉर्स इज’ हे वाक्य तर तेथे इतके प्रसिद्ध आहे, की अशा रचनेलाच ‘देवमाशाचे वाक्य’ म्हणतात. शब्दाला शब्द ठेवणारा विद्यार्थी ‘घोड्यापेक्षा देवमासा अधिक मासा नाही’ असे काहीतरी लिहून गोंधळतो. घोडा जसा मासा नव्हे तसाच देवमासाही नव्हे, हा अर्थ उमगेपर्यंत कित्येकांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागते.

ही मदत देणारी एक मोठी व्यवस्थाच जपानात उभी राहिली. संध्याकाळी चालणारे ‘जुकु’ हे खाजगी वर्ग सर्वपरिचित आहेत. १९३५ मध्ये आकाओ योशिओ यांनी काढलेला खिशात मावणारा शब्दसंग्रह विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरला. प्रवेशपरीक्षांसाठी १९५२ पासून १९९५ पर्यंत रेडिओवर पाठ होत असत. खेड्यातल्या मुलाला शहरातील नामांकित अध्यापक ऐकावयास मिळे तो त्यामुळेच. या साऱ्याचा रोख मात्र परीक्षेकडे होता. विस्कटलेले शब्द जुळवा, अधोरेखित ओळीचे भाषांतर करा, रिकाम्या जागा भरा, अशा प्रश्नांना उत्तरे मिळत गेली. वाचन जिथल्या तिथेच राहिले. १९२२ मध्ये जपानात आलेले इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरल्ड पामर यांनी तोंडी शिक्षणावर भर दिला. १९७४ मध्ये हिराइझुमी वातारू या संसदसदस्याने, सर्वांवर इंग्रजी लादण्याऐवजी थोड्यांनाच ती नीट शिकवावी, असे सुचविले, तेव्हा प्राध्यापक वातानाबे शोइची यांनी व्याकरण व भाषांतर हा बुद्धीचा व्यायाम असल्याचे सांगून जुन्या रीतीची बाजू घेतली. तो वाद जपानात फार गाजला.

निर्णायक धक्का दिला तो परीक्षेनेच. विद्यापीठ प्रवेशासाठी देशभर एकाच वेळी होणाऱ्या सामायिक परीक्षेचे स्वरूप जानेवारी २०२१ पासून बदलले. इंग्रजीच्या लेखी भागातून उच्चार, आघात आणि शब्दक्रम यांवरील सुटे प्रश्न काढून टाकण्यात आले आणि वाचन व श्रवण यांस प्रत्येकी १०० गुण ठेवण्यात आले. वाचनाच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्नांसह पाच हजारांहून अधिक शब्द असतात आणि वेळ असतो ८० मिनिटे. म्हणजे मिनिटाला साठाहून अधिक शब्द वाचावयाचे, आणि त्यातच विचार करून उत्तरही द्यावयाचे. शब्दांवर आकडे घालीत मागे फिरणाऱ्याला हे साधणे अशक्यप्राय आहे.

म्हणून आता अडलेल्या विद्यार्थ्यास नुसते भाषांतर लिहून देणारा शिक्षक त्याचे फारसे भले करीत नाही. वाक्य कोठपर्यंत कळले आणि नेमके कोठे तुटले, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे लागते. इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास महाराष्ट्रात २००० साली प्रारंभ झाला. त्यामुळे, क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेतून येणाऱ्या मुलांना शिकविणाऱ्या येथील शिक्षकांनाही जपानातील पुढील दोन उपाय पाहण्याजोगे वाटतील. पहिला मोठ्याने वाचण्याचा. १९६९ मधील चांद्रविजयाच्या प्रक्षेपणाचे दुभाषे कुनिहिरो मासाओ यांनी झेन साधनेतील शब्द उसना घेऊन ‘केवळ वाचीत राहा’ असा आग्रह धरला होता. समजलेला पाठच पुन्हा पुन्हा वाचावयाचा, ही त्यांची अट होती. दुसरा उपाय तिरक्या रेघांचा. वाक्याचे अर्थपूर्ण तुकडे पाडून त्यांमध्ये रेघा मारतात आणि रेघ ओलांडल्यावर मागे वळण्यास मनाई करतात. ‘द मॅन’ येथे पहिली रेघ पडते. माणूस कोणता हे अजून ठाऊक नसते. जपानी मुलाला येथे थांबणे अवघड जाते, कारण त्याच्या भाषेत ‘काल आलेला’ हे कळल्यावरच माणूस येतो. शिक्षक विचारतो, ‘आता पुढे काय सांगतील असे वाटते?’ वर्गातून एक-दोन उत्तरे येतात, काही चुकतातही. आणि मग सर्वजण ‘हू केम यस्टर्डे’ हा पुढचा तुकडा वाचू लागतात.